ज्याची त्याची पट्टी

मित्रांनो, बोलता बोलता मध्येच माझा श्वास सुटला तर हसू नका. मी जुनी पेटी आहे, आणि जुन्या पेटीचा भाता थोडी हवा खातोच. कुणी मला हार्मोनियम म्हणतं, कुणी बाजा म्हणतं. मला पेटी म्हटलेलं आवडतं. धुळ्यात पांझरा नदी ओलांडली की देवपूर लागतं. तिथल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर माझी जागा आहे. संध्याकाळी माझ्यासमोर मुलं बसतात आणि पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढतात. नवीन पालक दारातच थबकतात. "गाण्याचा क्लास हाच ना?" असं घाबरत विचारतात.

हाच. दिपमालाताईंचा क्लास. गळ्याला इजा न होता गावं कसं, हे त्या शिकवतात. हे त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललं नाही. स्वतःच्या गळ्यावर सोसून त्या इथवर आल्या, आणि मी ते सगळं जवळून पाहिलं. म्हणून आज माझ्या आयुष्याची कहाणी सांगायची, तर ती ताईंचीच सांगावी लागेल.

माझा जन्म जळगावचा. एका अरुंद गल्लीत मगन मिस्त्रींचं दुकान होतं. तिथे जुन्या सागवानाच्या फळ्यांतून माझं अंग तयार झालं. कापड आणि चामडं लावून भाता झाला. आत पितळेचे सूर बसले. मगन मिस्त्री एकेक सूर कानाजवळ धरून घासायचे, वाजवायचे, पुन्हा घासायचे. माझा आवाज गोड होता. त्यांनीच तसं म्हटलं, म्हणून सांगते.

मला घ्यायला धरणगावचे पंडित नाना आले. ते जिनिंगमध्ये कामाला होते. कपाशीच्या हंगामात घरी यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, मिशीत कापूस असायचा. त्यांच्या भजनी मंडळाला पेटी हवी होती. त्यांनी मला खांद्यावरून मोटारीपर्यंत नेलं आणि धरणगाव येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

नानांची मुलगी दिपा, म्हणजे आजच्या दिपमालाताई, तेव्हा इतकी लहान होती, की माझ्यामागे बसली तर दिसायची नाही. पण तिचा आवाज! मंडळाकडे माइक नव्हता. नानांचं ठाम मत होतं, की गाणाऱ्याचा आवाज वेशीपर्यंत पोहोचला पाहिजे. ते भाता हलवत आणि लेकीला सांगत, "जोरमा म्हण पोरी, जोरमा!" दिपा मान ताठ करायची, डोळे मिटायची आणि सूर फेकायची. भजनाला बसलेली माणसं माना डोलवत. "काय आवाज शे पोरना! बठ्ठं गाव जागं व्हई गयं," असं म्हणत. नानांची छाती फुगायची. माझाही भाता फुगायचा, खोटं कशाला बोलू?

शाळेच्या स्नेहसंमेलनात दिपा गायली. मग तालुक्याला गायली. कॉलेजात गेली तेव्हा वरणगावचे लीलाधरभाऊ घरी आले. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. खानदेशातल्या लग्नांत, हळदीत, गणपतीत तो गाजायचा. त्यांना उंच स्वरात गाणारी मुलगी हवी होती. दिपा त्यांच्याबरोबर जाऊ लागली. तिचं नाव पोस्टरवर आलं. धरणगावच्या बाजारात लोक नानांना थांबवून विचारू लागले, "नाना, पोर आज कोठे शे?"

लीलाधरभाऊ वाईट माणूस नव्हते. पण त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती: उंच गाणं झालं की शिट्ट्या पडतात. गाणं कुठल्या उंचीवरून सुरू करायचं, त्याला आम्ही पट्टी म्हणतो. ज्याचा त्याचा गळा वेगळा, तशी ज्याची त्याची पट्टी वेगळी. लीलाधरभाऊ दिपाची पट्टी दर महिन्याला थोडी वर चढवत गेले. स्टेजवर सगळ्या स्पीकरची तोंडं लोकांकडे. मागे ढोल आणि बॅन्जो. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही, म्हणून दिपा आणखी मोठ्याने गायची. सर्दी असली तरी गायची. घसा दुखला की चघळायची गोळी तोंडात टाकायची. गोळीने दुखणं कळेनासं व्हायचं, आणि कळत नाही म्हणून ती पुन्हा गायची.

सकाळी घरी ती माझ्यासमोर बसायची. तिचं बिघडत चाललेलं मला आधी कळलं. तिचे हळू म्हणायचे सूर आधी गेले. मोठ्याने म्हटलं की यायचे, हळू म्हटलं की नुसता वारा यायचा. पण हळू गाणं ऐकायला कोण येतं? त्यामुळे दुसऱ्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिनेही ते कुणाला सांगितलं नाही.

एरंडोलजवळ एका लग्नात शेवटी व्हायचं ते झालं. ती उंच स्वरावर गेली आणि आवाज फाटला. पुढच्या ओळीला तोंड उघडलं, तर आवाजच नाही. लोकांना आधी वाटलं माइक बिघडला. मग काही पोरं हसली. लीलाधरभाऊंनी घाईने दुसऱ्या गायिकेला पुढे केलं. हे मला दिपानेच पुढे कितीतरी वर्षांनी, मुलांना सांगताना ऐकवलं. त्या दिवशी ती घरी आली ती न बोलता आली. बोलायला आवाज होताच कुठे?

मग उपायांची रांग लागली. कुणी खडीसाखर दिली, कुणी ज्येष्ठमध. कुणी नजर उतरवली. शेजारच्या आजींनी कच्चं अंडं प्यायला सांगितलं, तेही तिने नाक दाबून प्यायलं. आवाज आला नाही. शेवटी नाना तिला धुळ्याला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घशात बारीक कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंनी गाठी आल्या होत्या.

"घाबरू नका, या साध्या गाठी आहेत," डॉक्टर म्हणाले. "कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसंच आहे हे. रोज ओरडून ओरडून गळ्याला घट्टे पडलेत. आधी विश्रांती, मग आवाजाचे व्यायाम. ऑपरेशनचं नंतर बघू."

नाना घरी आले. मग त्यांनी माझं झाकण लावलं, मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर नेऊन ठेवलं. त्यांना राग आला नव्हता. लेकीच्या डोळ्यांना पेटी दिसायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मित्रांनो, माळ्यावरचे ते दिवस मला नको होतात. शेजारी सरकीचं पोतं होतं. सरकीसाठी उंदीर यायचे, आणि सरकीने पोट भरलं की माझ्या भात्यावर दात घासायचे. धूळ आत गेली. एक सूर मुका झाला. खाली घरात पूर्वी गाणं होतं, बडबड होती. आता भांड्यांचे आवाज आणि आईचा एकटीचा आवाज. दिपाला बोलायची मनाई होती. कुजबुजायचीही नाही, कारण कुजबुजल्याने गळ्याला ताणच पडतो. ती पाटीवर लिहायची, नाहीतर खुणा करायची. मला वाटलं, आपलं दोघींचं संपलं.

एक दिवस शिडी वाजली. दिपाचं डोकं वर आलं. तिने लुगडं सोडलं, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि मला छातीशी धरून खाली आणलं. धुळ्याच्या मेघाताईंनी तिला पेटी काढायला सांगितलं होतं. मेघाताई आवाजाचे उपचार करायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "रोज एकच सूर धरायचा. तोंड मिटून, हुंकारासारखा. जोर नाही. दुखलं की थांबायचं."

दिपाने भाता हलवला. फुस्स! माझ्यातूनही नुसता वाराच आला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. त्या आजारात ती हसली ते तेव्हाच पहिल्यांदा. नानांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, पंक्चरचं सोल्युशन लावलं आणि उंदरांनी पाडलेली भोकं आतून बुजवली. मग ते भाता धरून तिच्याशेजारी बसले. ज्या माणसाने आयुष्यभर "जोरमा म्हण" सांगितलं, तो माणूस आता विचारत होता, "पोरी, भाता कितला दाबू?"

दिपाने बोटांनी खूण केली. थोडाच. अगदी हळू.

नानांनी इतक्या हळू भाता दाबला, की माझा सूर माझा मलाच जेमतेम ऐकू आला. त्या सुरात दिपाने हुंकार मिसळला. कापरा होता, मध्येच तुटत होता, पण होता. नाना दुसरीकडे तोंड करून बसले. त्यांचे डोळे भरले होते.

तिथून पुढे रोज तेच. हुंकार. ओठांची फुरफुर, लहान मूल मोटार चालवताना करतं तशी. पाण्यात नळी घालून सूर धरायचा, म्हणजे गळ्यावर भार न येता आवाज सुटतो. छाती न उचलता पोटापासून श्वास घ्यायचा. आई सुरुवातीला म्हणाली, "हे काय खेळ लावलेत?" पण हळूहळू गाठी विरल्या. ऑपरेशन करावं लागलं नाही. आवाज परतला, मात्र पूर्वीचा नाही. पूर्वीइतका उंच जात नव्हता. पण त्यात एक भरीव गोडवा आला होता, आणि हळू म्हणायचे सगळे सूर परत आले होते. मला ते सूर जास्त प्रिय होते.

लीलाधरभाऊ पुन्हा आले. दिपा म्हणाली, "येते की भाऊ. पण पट्टी मी सांगेन. आणि एका स्पीकरचं तोंड माझ्याकडे पाहिजे."

लीलाधरभाऊ हसले, चहा प्याले आणि गेले. परत आले नाहीत. दिपाने त्यांची वाट पाहिली नाही. ती जळगावला गाणं शिकू लागली आणि विशारद झाली. सुट्टीत धुळ्याला मेघाताईंकडे जाऊन बसायची. आवाज बिघडलेले शिक्षक, भाजीवाले, कंडक्टर तिथे येत. त्यांच्याकडून मेघाताई काय करून घेतात, ते ती बघायची. पुढे लग्न होऊन ती देवपूरला आली. सासरी येताना तिने माहेरून एकच जड सामान आणलं. ते म्हणजे मी.

क्लास सुरू झाला तेव्हा पालकांची मोठी पंचाईत झाली. मुलाला घातलं गाण्याला, आणि मूल घरी येऊन ओठ फुरफुरवतं! एक गृहस्थ तर तणतणत आले. "मॅडम, महिना झाला, एक गाणं नाही शिकवलं तुम्ही."

"तुम्ही मुलाला बूट कसे घेता?" ताईंनी शांतपणे विचारलं.

"माप बघून."

"मी तेच करतेय. आधी गळ्याचं माप घेतेय. दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून पळवलं तर पाय कुणाचा सोलेल?"

ते गृहस्थ गेले, पण मूल क्लासला येत राहिलं. आज क्लासमध्ये उभं राहायला जागा नसते. ताई प्रत्येकाला जवळ बोलावतात, माझ्या पट्ट्यांवरून बोट फिरवतात आणि त्याचा सूर कुठे सहज बसतो ते शोधतात. घसा बसलेला असला तर त्या दिवशी गाणं नाही. ते मूल कोपऱ्यात बसून नुसतं ऐकतं, आणि ताई म्हणतात, "ऐकणं हाही रियाजच." घसा खाकरायचा नाही, पाणी प्यायचं. मैदानावर किंचाळायचं नाही, टाळी वाजवून बोलवायचं. मुलं सगळं मानतात असं नाही. पण गाणं मोडलं की त्यांना आठवतं.

दोन वर्षांपूर्वी रोशनी आली. सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्या वर तिचं गाव. वडील रुपसिंग पावसाच्या भरवशावर शेती करतात. आई गुंताबाई मोहाची फुलं वेचते. रोशनी धुळ्याच्या कॉलेजात शिकायला आली आणि वसतिगृहात राहू लागली. पहिल्याच दिवशी तिने आईचं गाणं म्हटलं, फुलं वेचताना बायका म्हणतात ते. खोलीतल्या मुलांनी बुडबुडे काढणं थांबवलं. ताईंची बोटं माझ्यावर तशीच राहिली. इतका मोकळा आणि स्वच्छ आवाज आम्ही दोघींनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

तिच्या कॉलेजच्या सांस्कृतिक मंडळाचे प्रमुख होते प्रेमराज सर. उत्साही माणूस. जळगावला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, आणि लोकगीतात नंबर आणायचाच असा त्यांनी चंग बांधला होता. रोज दुपारी तालीम व्हायची. "रोशनी, अजून वर! पहाडातली पोरगी ना तू? आवाज पहाडावर जाऊ दे!" असं ते म्हणत. रोशनी वर जायची. आणखी वर जायची. स्पर्धा तोंडावर आली, आणि एका संध्याकाळी ती क्लासला आली तेव्हा नुसतं "ताई" म्हणाली. त्या एका शब्दात ताईंना सगळं ऐकू आलं.

"हळू सूर धर," ताई म्हणाल्या.

रोशनीने धरला. वारा आला.

दुसऱ्या दिवशी ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गाठी नव्हत्या, पण गळा लाल होता आणि सुजला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. संध्याकाळी दोघी माझ्यासमोर बसल्या. ताई म्हणाल्या, "सूज उतरेपर्यंत तालीम बंद. उतरली तर स्पर्धेला जा, पण तुझ्या पट्टीत. ही पाचवी पांढरी, पांढरी पाच. सर सांगतात तिथून नाही. नाही उतरली, तर जायचंच नाही."

रोशनी एकदम उसळली. "पूर्ण गावाला सांगितलंय मी! आईबाबा जळगावला येणार आहेत. तुमचा आवाज गेला ना ताई, म्हणून तुम्ही सगळ्यांना भीती घालता!"

मला वाटलं, आता ताई चिडतील. ताई उठल्या. कपाटातून एक जुनी सीडी काढली आणि लॅपटॉपमध्ये घातली. कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग होतं. मांडवात एकोणीस-वीस वर्षांची दिपा गात होती. आवाज बाणासारखा वर जात होता.

रोशनी बघतच राहिली. "काय आवाज होता ताई."

"होता," ताई म्हणाल्या. "आणि आता माझा ऐकतेस तो?"

"तो... तो मला आवडतो. म्हणून तर येते मी."

"मग मी रडगाणं गात नाहीये हे तुला कळलं असेल. माझा आवाज गेला आणि मी तो परत आणला. आणता येतो. पण मला त्याला वर्षं लागली. तुझी ती वर्षं वाचावीत असं मला वाटतं. बाकी गळा तुझा आहे. ठरवायचं तू."

दुसऱ्या दिवशी तिने तालमीला दांडी मारली, आणि त्यानंतरही मारली. क्लासला यायची ती पाणी प्यायची, बुडबुडे काढायची, ऐकत बसायची. सूज उतरली. हळू सूर परत आला. प्रेमराज सर ताईंना भेटायला आले तेव्हा ताईंनी त्यांना सगळं समजावलं. पट्टी पांढरी पाच. सर "बरं, बरं" म्हणाले. कॉलेजची पेटी मोडकी होती, म्हणून ताईंनी मला स्पर्धेसाठी दिलं. हितेंद्र नावाचा विद्यार्थी वाजवणार होता.

क्रूझर गाडीतून आम्ही सगळे जळगावला गेलो. ताई प्रेक्षकांत रुपसिंग आणि गुंताबाईंच्या शेजारी बसल्या. मी स्टेजमागे हितेंद्रच्या पायाशी होते. तिथे प्रेमराज सर आले. रोशनी दूर उभी राहून श्वास सोडत होती. सर हितेंद्रच्या कानाशी लागले. "पांढरी पाच नको, तिच्या वरची काळी पाच घे."

"सर, पण ताई..."

"खाली गाऊन कधी नंबर आलाय का? एकदा सुरू झालं की ती गाईलच. स्टेजवर कोण थांबतं?"

मी सगळं ऐकलं. मित्रांनो, माझ्याजवळ सूर आहेत, पण शब्द नाहीत. हितेंद्रने मला उचललं तेव्हा मला वाटलं, भाता फाटावा, पट्टी अडकावी, काहीतरी व्हावं. काही झालं नाही. मी नीट दुरुस्त केलेली पेटी होते.

पडदा उघडला. सभागृह भरलेलं. हितेंद्रचं बोट काळी पाचवरच पडलं. माझा सूर घुमला. रोशनीने गायला श्वास घेतला, आणि तो तसाच धरला. तिला कळलं. तिला तिथून गाता आलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिने समोर पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होत्या, पण त्यांनी हात हलवला नाही, मान हलवली नाही. मला तेव्हा ताईंचा राग आला. एक खूण केली असती तर काय बिघडलं असतं?

रोशनीने हात वर केला.

"हितेंद्र, थांब. ही माझी पट्टी नाही." माइकमधून ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "पांढरी पाच दे."

हितेंद्रने मला थांबवलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. एक परीक्षक चष्मा वर करून बघू लागले. हितेंद्रने बोट खाली आणलं. पांढरी पाच. रोशनीने पुन्हा श्वास घेतला, तिच्या खांद्यांची हालचालसुद्धा झाली नाही, आणि आईचं गाणं सुरू झालं.

तिला ओरडावं लागलं नाही. शेवटच्या कडव्यात ती एक सूर इतका हळू घेऊन गेली, की पंख्याचा आवाजही नकोसा वाटला. शिट्टी मारणारा गप्प झाला होता. गुंताबाई पहिल्या ओळीपासून ओठ हलवत होत्या. शेवटी शेवटी त्या खालच्या आवाजात गाऊच लागल्या, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

नंबर तिसरा आला. मध्येच थांबल्याचे गुण गेले, असं परीक्षकांनी स्पष्ट सांगितलं. रोशनी पदक घेऊन खाली आली, आणि रुपसिंगांनी ते हातात घेऊन उलटून पालटून पाहिलं. "गळा दुखतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मग चांगलं झालं," ते म्हणाले आणि पदक लेकीच्या गळ्यात घातलं.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला गाडी चहासाठी थांबली. सगळे उतरले. सर रेंगाळले, आणि मग चहाचा कप घेऊन ताईंजवळ आले. "मॅडम, हितेंद्रला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. सरांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग एकदम म्हणाले, "मला एक विचारायचं होतं. दिवसभर वर्गात बोलून माझा घसा संध्याकाळी बसतो. गेली तीन-चार वर्षं. काही होईल का?"

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं. "आधी ते खाकरणं बंद करा. पाणी प्या. सोमवारी क्लासला या, ग्लास घरून आणा."

सर आले. आता ते दर सोमवारी येतात. तिसरी-चौथीतल्या मुलांच्या ओळीत मांडी घालून बसतात आणि बुडबुडे काढतात. त्यांचे बुडबुडे सगळ्यांत मोठे येतात म्हणून मुलं त्यांच्यावर खूश आहेत. वर्गात शिकवायला त्यांनी लहान माइक घेतला आहे. या वर्षी कॉलेजच्या तालमीला ते प्रत्येक मुलाला आधी विचारतात, "तुझी पट्टी कोणती?" ते बरोबर ठरवायला रोशनी त्यांना मदत करते. रविवारी ताई तिला माझ्यासमोर बसवतात आणि लहानांचा वर्ग तिच्याकडे सोपवतात. भाता ती जरा जास्तच जोराने ओढते. शिकेल.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी गात असेल, कुणी गात नसेल. पण बोलता तर सगळेच. सामन्यात ओरडून घसा बसला, तर दुसऱ्या दिवशी त्याला गप्प राहू द्या. दुखत असेल तर गोळी चघळून पुढे रेटू नका, मोठ्यांना सांगा. बराच काळ आवाज बसलेला राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी तुम्हाला "अजून वर, अजून वर" म्हणू लागलं, तर आधी स्वतःच्या गळ्याला विचारा.

मी पेटी आहे. माझ्यातून कोणता सूर निघावा, हे पट्ट्यांवर बोट ठेवणारा ठरवतो. त्या दिवशी स्टेजवर मला नको असलेला सूर मला वाजवावा लागला. तुमचं तसं नाही. तुमचा गळा कुणाच्या बोटांखाली देऊ नका.